आधी अंग, मग चेंडू

पत्र: "ताई, मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कप्तान आहे. सेंटर खेळते, म्हणजे रिंगजवळची जागा; उंची पाच फूट आठ इंच. या मोसमात आम्ही सलग चार सामने हरलो आणि चारही वेळा बोट रिबाउंडकडेच, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याकडेच, गेलं. शेवटचा सामना 58-52 असा गेला. समोरच्या संघाचे 40 शॉट हुकले, त्यातले 17 चेंडू त्यांनीच परत उचलले. बचावात आम्ही बहुतेक वेळ 2-3 झोन खेळतो, म्हणजे पुढे दोन गार्ड, रिंगपाशी दोन फॉरवर्ड आणि मध्ये मी, प्रत्येकीने आपापला भाग राखायचा. त्या सामन्यात मी एकटीने 14 रिबाउंड घेतले, तरी सर सगळ्यांदेखत म्हणाले, 'तुमच्यात जिद्दच नाही.' मुली म्हणतात, आपल्याकडे उंचीच नाही तर करणार काय. सर प्रॅक्टिसला रोज 50 उड्या मारून घेतात, फरक शून्य. रात्री डोळे मिटले की मला ते 17 चेंडू दिसतात. एखाद्या उंच मुलीसाठी मी सेंटरची जागा सोडू का? – एक सेंटर"

प्रिय सेंटर,

जागा सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तू त्याच एका प्रश्नाच्या धास्तीने वाचशील.

आता थोडं न आवडणारं. तुझे 14 रिबाउंड वाचून मला कौतुकाच्या आधी शंका आली. एक मुलगी 14 चेंडू उचलते आणि तिचाच संघ 17 गमावतो, तेव्हा ती मुलगी बहुधा चेंडूमागे पळत असते. शॉट सुटला की नजर वर, पाय रिंगकडे, आणि जिला अडवायचं ती पाठीमागून मोकळी. चेंडू तुझ्या बाजूला पडला तर तुझा आकडा वाढतो. पलीकडे पडला तर तीच मुलगी तो आरामात उचलते, आणि ती तुझ्या हातून सुटली होती हे स्कोअरशीटवर कुठेही लिहिलं जात नाही. मी तुमचा सामना पाहिलेला नाही, तेव्हा हा आरोप समजू नकोस. कुणाच्या मोबाइलवर सामन्याचं चित्रीकरण असेल तर ते लावून बस आणि चेंडूकडे अजिबात बघू नकोस. प्रत्येक शॉटला फक्त स्वतःचे पाय बघ. दहा शॉटमध्ये तुला उत्तर मिळेल.

मला हे कळतं, कारण मी तेच करायचे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका सामन्यात आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि काही सेकंद उरले होते. त्यांचा शॉट रिंगच्या मागच्या कडेला लागला. मी अगदी रिंगखाली उभी, दोन्ही हात वर, मान मागे टाकून चेंडूची वाट बघत. चेंडू माझ्या बोटांना चाटून पुढे गेला. तेवढ्यात बरगडीत एक खांदा रुतला आणि माझ्याहून वीतभर बुटक्या मुलीने तो चेंडू छातीच्या उंचीवर धरला. छातीच्या उंचीवर! तिला उडी मारावीच लागली नाही. ती माझ्या मागे उभी आहे हे मला माहीतच नव्हतं, कारण मी मागे हात लावून पाहिलंच नव्हतं. तिने तिथूनच बास्केट केली. त्या रात्री मीही छताकडे बघत पडले होते, म्हणून तुझं ते रात्रीचं वाक्य मी दोनदा वाचलं.

उंचीचं आधी मिटवून टाकू. उंचीचा फायदा नाही असं म्हणणं खोटं ठरेल. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मुलींच्या वरच्या गटात 2,034 रिबाउंड घेणारी कोर्टनी पॅरिस सहा फूट चार इंचांची होती. पण महिलांच्या व्यावसायिक लीगचा, डब्ल्यूएनबीएचा, इतिहास बघ. 2016 मध्ये टमिका कॅचिंग्ज निवृत्त झाली तेव्हा त्या लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड तिच्या नावावर होते. उंची सहा फूट एक इंच, खेळायची फॉरवर्ड, आणि तिच्यापेक्षा उंच सेंटर जवळपास प्रत्येक संघात होत्या. तिला जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणजे मागून येणाऱ्या पावलांचा अंदाजही तिला इतरांइतका सहज मिळत नसणार. तिचा विक्रम 2018 मध्ये मोडला रिबेका ब्रन्सनने, उंची सहा फूट दोन. सहा फूट सहा इंचांच्या सिल्व्हिया फाउल्सची पाळी त्यानंतर आली. पुरुषांमध्ये डेनिस रॉडमन 1991-92 पासून सलग सात मोसम एनबीएमध्ये रिबाउंडच्या सरासरीत पहिला राहिला. सहा फूट सात इंच, म्हणजे त्या लीगच्या हिशेबात सेंटरसाठी बुटकाच. सहकाऱ्यांच्या शॉटचा चेंडू हवेत किती फिरतो आणि कुणाचा कुठे उसळतो, याचा तो अभ्यास करायचा. मुली पुन्हा उंचीचं रडगाणं लावतील तेव्हा त्यांना एवढंच विचार, की त्या 17 पैकी किती चेंडू रिंगच्या उंचीवर पकडले गेले. एकही नसेल. रिंग 3.05 मीटरवर असते आणि कॉलेजच्या सामन्यात जवळजवळ प्रत्येक रिबाउंड तिच्या बराच खाली, बरेचसे तर डोक्याच्या आसपास पकडले जातात. तिथे उंचीपेक्षा जागा महत्त्वाची.

आणि म्हणूनच त्या 50 उड्यांनी फरक पडला नाही.

बॉक्स आउट, म्हणजे समोरच्या मुलीला पाठीने अडवून तिच्या आणि रिंगच्या मधली जागा धरणं, हा शब्द तू हजार वेळा ऐकला असशील. प्रत्येक कोच तो बाहेरून ओरडतो. पण तो करायचा कसा हे फार कमी ठिकाणी हाताला धरून शिकवलं जातं, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे. शॉट सुटताना पहिली नजर चेंडूकडे नाही, तुझ्या मुलीकडे. ती कुठून आत शिरायला बघतेय ते बघ. मग तिच्या दिशेने एक पाऊल टाक. रिंगकडे नाही, तिच्याकडे. हे सगळ्यात अवघड आहे, कारण अंगातली प्रत्येक नस चेंडूकडे ओढत असते. कोपर ते मनगट हा भाग तिच्या छातीपाशी आडवा लागू दे, म्हणजे ती कुठे आहे हे तुला न बघता कळेल. मग त्याच पायावर वळ, पाठ तिच्याकडे, पाय खांद्यांपेक्षा रुंद, कंबर खाली, खुर्चीच्या टोकाला बसल्यासारखी. हात कोपरात वाकवून वर. तिच्या मांड्या तुझ्या कमरेला लागल्या पाहिजेत. ती डावीकडे सरकली की तुला पाठीने कळेल आणि तूही छोट्या पावलांनी डावीकडे सरकशील. आता, आणि आताच, वर बघ.

हे सगळं एका सेकंदाच्या आसपास होतं. चेंडू रिंगला लागून खाली येईपर्यंत तेवढा वेळ असतो. फार उंच उडायचीही गरज उरत नाही, कारण तुझ्या पुढची जागा रिकामी आहे आणि तुझ्या मागची मुलगी तुझ्या अंगावरून आली तर तो तिचा फाउल. एक भान ठेव. आधी मिळवलेली जागा राखणं नियमात बसतं, पण तिला ढकलत मागे रेटलंस किंवा हात मागे टाकून तिला अडकवून धरलंस तर शिट्टी तुझ्यावर वाजेल.

यात मुलींच्या संघांत एक अडचण मी वर्षानुवर्षं पाहिलीय. प्रॅक्टिसमध्ये एकमेकींना अंग लागलं की लगेच "सॉरी" येतं. लहानपणापासून अंग चोरून चालायला, बसायला शिकवलेलं असतं, आणि मग अचानक मैदानावर सांगतात की जाऊन तिच्या पोटाला पाठ लाव. ते आपोआप होणार नाही. सर त्याला जिद्द नाही म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या मुली रोज घाम गाळून पुन्हा दुसऱ्या दिवशी येतात त्यांच्यात जिद्द आहेच. त्यांना अंगाला अंग भिडवायची मोकळीक कुणी दिलेली नाही. कप्तान म्हणून ती तू दे. पुढच्या प्रॅक्टिसला जाहीर कर, बॉक्स आउटच्या सरावात कुणीही सॉरी म्हणायचं नाही. पडली तर हात देऊन उठवायचं आणि पुन्हा भिडायचं.

त्यासाठी एक सराव सांगते. मधल्या वर्तुळात चेंडू जमिनीवर ठेवा. वर्तुळाच्या रेषेवर पाच जणी आतून, प्रत्येकीच्या समोर एक बाहेरून. शिट्टी झाली की बाहेरच्यांनी चेंडूला हात लावायचा, आतल्यांनी पाठीने अडवायचं, पाच सेकंद. चेंडूला कुणी उडी मारत नाही, रिंग नाही, उंचीचा प्रश्नच नाही. पहिल्या दिवशी तीन सेकंदांत कुणीतरी आत घुसेल. आणि कोण घुसली यापेक्षा कुणाच्या बाजूने घुसली हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. आठवडाभर रोज दहा मिनिटं केलंत तर मुलींच्या पाठी बोलायला लागतील. ज्या मुली बुटक्या म्हणून कुरकुरतात त्या यात बऱ्याचदा सरस ठरतात, कारण त्यांची कंबर मुळातच खाली असते.

आता तुमचा 2-3 झोन. मला वाटतं निम्मं दुखणं इथे आहे. मॅन टू मॅनमध्ये शॉट सुटला तेव्हा तुझी मुलगी कोण हे ठरलेलं असतं. झोनमध्ये तू जागा राखत असतेस, माणूस नाही. शॉट सुटतो आणि पाचही जणी रिंगकडे वळून उभ्या राहतात, तिकडे त्यांच्या दोघी-तिघी झोनच्या फटींतून सरळ आत येतात. झोन सोडा असं मी म्हणणार नाही, सरांनी तो काही विचार करूनच लावला असेल. पण शॉट सुटला त्या क्षणी झोन संपला असं धरा. प्रत्येकीने आपल्या भागातल्या सगळ्यात जवळच्या मुलीला शोधायचं आणि तिला पाठ लावायची. मागच्या तिघींपैकी तू मधली, म्हणजे तुझ्या भागात दोघी येऊ शकतात. तेव्हा रिंगच्या जास्त जवळची तुझी. दुसरीसाठी वरच्या दोन गार्डपैकी एकीने खाली यायचं, आणि कुणी यायचं हे आधी ठरलेलं हवं.

गार्डचा विषय निघालाच आहे तर विचारते, शॉट सुटला की तुमच्या गार्ड काय करतात? माझी पैज आहे, फास्ट ब्रेकसाठी, म्हणजे झटपट उलट हल्ल्यासाठी, पुढे सुटतात. चेंडू हातात आल्याशिवाय फास्ट ब्रेक होत नाही, हे त्यांना तू सांग. लांबून मारलेला शॉट हुकला की चेंडू बहुतेकदा लांब उसळतो, फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेषेपर्यंत किंवा त्याहीपुढे. तो तुझ्या किंवा फॉरवर्डच्या हाताला लागणारच नाही, तो गार्डचाच. शिवाय कोपऱ्यातून किंवा बाजूने मारलेला शॉट हुकला की चेंडू बऱ्याचदा रिंग ओलांडून पलीकडच्या बाजूला जातो. म्हणजे शॉटच्या विरुद्ध बाजूची तुमची फॉरवर्ड, जी त्या वेळी सगळ्यात सैल उभी असते, तिचं काम सगळ्यात मोठं. त्या 17 पैकी किती चेंडू त्या बाजूला गेले ते चित्रीकरणात मोजून बघ.

आकड्यांबद्दल. कुणाचे एकूण रिबाउंड किती यावरून फार काही कळत नाही. ज्या संघाचे शॉट जास्त हुकतात त्याच्या विरोधकांना रिबाउंड आपोआप जास्त मिळतात. प्रमाण बघायचं. त्यांचे 40 शॉट हुकले, 17 त्यांनीच उचलले, म्हणजे शंभरातले बेचाळीस-त्रेचाळीस. साधारणपणे हुकलेल्या तीन चेंडूंतला एक, किंवा त्याहून थोडा कमी, हल्ला करणाऱ्यांकडे परत जातो. तेव्हा 17 शून्यावर आणायचे नाहीत, ते कुणालाच जमत नाही. 12 वर आले तरी तुम्ही चांगल्या संघांच्या रांगेत बसाल. वाचलेल्या त्या पाच चेंडूंतल्या तिनांवर जरी त्यांची बास्केट झाली असेल, तरी 6 गुण झाले, आणि तुम्ही हरलात तेही सहानेच. पण 52 गुणही काही पुष्कळ नाहीत. बास्केटबॉलचे आकडे अभ्यासणारा डीन ऑलिव्हर सामना ठरवणाऱ्या चार गोष्टी सांगतो, त्यात शॉट किती पडतात याला तो 40 टक्के वजन देतो, फुकट गमावलेल्या चेंडूंना 25, रिबाउंडला 20 आणि फ्री थ्रोला 15. चारही सामने रिबाउंडनेच घालवले असं सर म्हणत असतील तर तुमच्या स्वतःच्या शॉटचा कागदही एकदा उघडून बघा.

तरीही रिबाउंड गमावल्याचा त्रास त्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त होतो, हे मला मान्य आहे. शॉट मारायला मिळणाऱ्या 24 सेकंदांच्या घड्याळात तुम्ही वीस सेकंद जीव तोडून बचाव करता, त्यांना वाईट शॉट मारायला लावता, तो हुकतोही. आणि चेंडू पुन्हा त्यांच्याच हातात. आंतरराष्ट्रीय नियमांत घड्याळ परत 14 वर जातं आणि तुम्हाला दमलेल्या पायांनी सगळं पुन्हा करावं लागतं. तिसऱ्यांदा असं झालं की मुलींचे खांदे पडतात. सरांना जी जिद्द दिसत नाही ती बहुधा इथे संपलेली असते.

फ्री थ्रोवर मात्र मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिथे बचाव करणाऱ्यांना तीन जागा मिळतात, हल्ला करणाऱ्यांना शूटर सोडून दोनच, आणि रिंगजवळच्या दोन्ही जागा बचावाच्याच. सगळं तुमच्या बाजूने मांडून ठेवलेलं असताना तिथे चेंडू गेला तर ते निव्वळ दुर्लक्ष. चेंडू शूटरच्या हातून सुटताक्षणी आत पाऊल टाकून पाठ लावायची, आणि तिसऱ्या मुलीने शूटरला अडवायचं. आपलाच हुकलेला फ्री थ्रो उचलून शूटरने बास्केट केलेली मी इतक्यांदा पाहिलीय की तिला कुणीच का अडवत नाही याचं मला अजून नवल वाटतं.

चेंडू मिळाला की दोन्ही हातांनी ओढून हनुवटीखाली घे, कोपरं बाहेर, आणि दोन्ही पायांवर उतर. गुडघे वाकलेले, आत न झुकलेले. हे मी खेळासाठी सांगतेय त्याहून जास्त तुझ्या गुडघ्यांसाठी सांगतेय. बास्केटबॉलमध्ये मुलींचा गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध मुलांच्या तुलनेत दुपटीहून अधिक वेळा फाटतो, आणि बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो, उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत कोसळतो. रोज 50 उड्या मारायच्याच असतील तर सरांना म्हण, उड्या 20 करू आणि प्रत्येक उडीचं उतरणं तुम्ही बघा. वॉर्म-अपमध्ये तोल आणि उतरण्याचा सराव नियमित ठेवला तर ही दुखापत कमी होते.

सरांशी बोलायचंय हे तू लिहिलं नाहीस, पण बोलावं लागेल. सगळ्यांसमोर नको. आणि "तुम्ही आम्हाला असं कसं बोललात" इथून सुरुवात नको, ते तुझ्या मनात असलं तरी. एक कागद घेऊन जा. त्यावर 17 चेंडूंची यादी, प्रत्येकापुढे दोनच गोष्टी: शॉट कुठून होता आणि ज्या मुलीने चेंडू उचलला तिला कुणी अंग लावलं होतं का. दुसऱ्या रकान्यात "कुणीच नाही" हे दहा-बारा वेळा आलं, तर सरांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. मी स्वतः संघ शिकवलेत. असा कागद घेऊन आलेल्या कप्तानाला नाही म्हणणं कुठल्याही कोचला जड जातं.

मग त्यांच्याकडे एकच गोष्ट माग. राखीव मुलींपैकी एकीला सामन्यात वही-पेन द्या. तिने रिबाउंड मोजायचे नाहीत. त्यांच्या प्रत्येक शॉटला आपल्या पाचपैकी किती जणींनी कुणाला तरी पाठ लावली, एवढंच मोजायचं. चेंडू कुणाला मिळाला याच्याशी तिला देणंघेणं नाही. सामना संपल्यावर तो आकडा आधी वाचायचा, रिबाउंडचा नंतर. पहिल्या सामन्यात पाचपैकी सरासरी दोन निघतील, घाबरू नका. यात तुझे स्वतःचे रिबाउंड 14 वरून 8 वर येतील, कदाचित त्याहून खाली. लोक म्हणतील कप्तानाचा खेळ उतरला. तू ज्या मुलीला अडवून धरलंस तिच्या पलीकडे पडलेला चेंडू तुमची पाच फूट दोन इंचांची गार्ड उचलेल, आणि रिबाउंड तिच्या नावावर चढेल. तेव्हा तुला थोडं लागेल. लागू दे. पण वहीत त्या शॉटपुढे तुझ्या नावाची खूण असेल.

पुढच्या सामन्यानंतर मला स्कोअर कळवू नकोस. त्या वहीच्या पानाचा फोटो पाठव, त्या राखीव मुलीच्याच अक्षरातला, खाडाखोडीसकट.

तुझी,
ताई